जिथे आपटायला काही नाही

"मला एवढंच सांगा," ती फोनवर म्हणाली, "गाडी वळणावरून सुटली, तर पहिल्यांदा कशावर आपटते?"

रेसच्या ट्रॅकच्या ऑफिसात फोन घेणाऱ्याला लोक काय विचारत असतील? सरळ रस्ता किती लांब आहे, हेल्मेट भाड्याने मिळतं का, फोटो काढून मिळतात का. आपटण्याची चौकशी करणारी ही पहिलीच बाई असावी.

"ताई, सहसा नाही आपटत," तो म्हणाला.

"सहसा मला नको. आपटली तर?"

"तर मग कठडा आहे. सिमेंटचा. पण त्याच्यापुढे टायर रचलेत."

"टायरच्या किती रांगा?"

साहेबांना विचारून सांगतो म्हणून त्याने फोन ठेवला, तो ठेवलाच. तिनेही पुन्हा लावला नाही. ज्यांना आपल्या टायरच्या रांगा माहीत नाहीत, त्यांच्या हाती ती आपलं पोर देणार नव्हती.

ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती, आणि तेही मणक्याला मार बसलेल्यांच्या विभागात. पडलेले, आदळलेले, उलटलेले सगळे शेवटी तिच्या गादीवर येत. गाड्यांमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. किती सिलेंडर, किती ताकद, हे पोरं तासन्‌तास बोलायची, तेव्हा ती सरळ उठून भांडी घासायला जायची. वेग एकदम थांबला की माणसाचं काय होतं, तेवढं मात्र तिच्या रोज हाताखाली यायचं. त्यामुळे ट्रॅक निवडायची तिची रीत जगावेगळी होती. लोक ट्रॅकचा रस्ता बघतात, ही बाई रस्ता संपल्यावर काय आहे ते बघत होती.

ट्रॅक हवा होता तो तिच्या मुलाला. लहानपणी पायाला भिंगरी लागल्यासारखा हिंडायचा म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणायला लागले. पुढे मिशा फुटल्या, गाड्यांच्या काचा बसवायच्या दुकानात नोकरी लागली, तरी नाव काही सुटलं नाही. त्याने एक जुनी गाडी घेतली. आधी तिचं मागचं सीट काढलं, मग शेजारचंही काढलं. का, तर वजन कमी. मग मूळचा सायलेन्सर काढून असं एक नळकांडं बसवलं की गाडी गल्लीत शिरली की कपाटातल्या बश्या वाजायच्या. दर रविवारी पहाटे ही पोरं शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर पेट्रोल पंपापाशी जमायची आणि तिथून नदीच्या पुलापर्यंत दोन-दोन गाड्यांची शर्यत लावायची. रस्ता रिकामा असतो म्हणे. रिकाम्या रस्त्यावरून तिच्याकडे येणारे काही कमी नव्हते.

आणि त्यातला एक तर घरातलाच म्हणावा असा. लंब्या. भिंगरीचा शाळेपासूनचा दोस्त, तिच्या हातचं जेवून ताडासारखा वाढलेला. मागे एका रविवारी याच शर्यतीत त्याची गाडी उलटली. आता तो तिच्याच विभागात होता, खिडकीजवळच्या पलंगावर. कमरेखाली काही कळत नव्हतं, आणि कळणारही नव्हतं. हे त्याला सांगायची पाळी तिच्यावर आली नाही, एवढीच देवाची कृपा.

आता कोणी म्हणेल, दोस्ताचं असं झाल्यावर पोरगा घाबरून गाडी सोडेल. तिलाही तसंच वाटलं होतं. लंब्याच्या दुःखात तिने तेवढा एक चोरटा दिलासा धरून ठेवला होता आणि त्याची तिला लाजही वाटत होती. पण भिंगरी पुढच्याच रविवारी पुन्हा गेला, त्याच रस्त्यावर, आधीपेक्षा जोरात. दोस्ताला बघायला मात्र एकदाही हॉस्पिटलात आला नाही. तिला काही कळेना. आपल्या पोटी दगड जन्माला आला की काय, असं तिला वाटायला लागलं, आणि असं वाटलं म्हणून ती स्वयंपाकघरात एकटीच रडली.

तिने काय केलं नाही? बोलून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली, तर त्याने दुसरी करून आणली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नवरा बेकरीवाला. पहाटेच्या आधी भट्टीवर जायचा आणि दिवेलागणीला घोरायला लागायचा, त्यामुळे रविवारची पहाट ही तिची एकटीची होती. गाडी सुरू झाली की बश्या वाजायच्या, मग आवाज लांब जायचा, मग तो ऐकू येईनासा व्हायचा. मग परत येईपर्यंत ती खुर्चीत बसून राहायची. फोन समोर ठेवून, आणि तो वाजू नये म्हणून हात जोडून.

"अगं, जाईल हे वेड," नवरा म्हणायचा. एकदा तो पिठाचे हात धूत धूत म्हणाला, "जित्याची खोड मेल्याशिवाय..." आणि मध्येच थांबला. पुढचं पाणी त्याने उगाचच खूप वेळ वाहू दिलं. त्या दिवसापासून तोही काही बोलेनासा झाला.

ट्रॅकची गोष्ट निघाली ती भांडणातच. "रस्त्यावर नको म्हणतेस, मग कुठे चालवू? गच्चीवर?" भिंगरी ओरडला. तिने ते वाक्य अलगद उचललं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं.

"मी जागा शोधून दिली तर? खरीखुरी, रेसची?"

"शोध."

"तिथे गेलास तर रविवारी रस्त्यावर नाही जायचं."

"बघू," तो म्हणाला.

त्या एका 'बघू'वर ती बाई फोन करत सुटली होती.

दुसरा फोनही फुकट गेला, तेव्हा ती गादीवर लंब्याचे पाय ताणत होती. फोन खांदा आणि कान यांच्यात धरलेला, एका हातात त्याची टाच, दुसरा हात गुडघ्यावर. त्याचे पाय बारीक व्हायला लागले होते. ते तिला रोज दिसायचं आणि रोज ती हवापाण्याचं काहीतरी बोलायची.

"काकू," लंब्या छताकडे बघत म्हणाला, "तुम्ही ट्रॅक शोधताय की पलंग?"

"तू पड गप. टाच सैल सोड."

"माझी टाच सैलच आहे, काकू."

ती ओशाळली. तो मात्र हसत होता. मग त्याने विचारलं, "भिंगरीसाठी ना?" आणि तिने मान हलवल्यावर पोरगा बोलायलाच लागला. इतक्या दिवसांत एवढा बोलला नव्हता. हे ट्रॅक त्याला तोंडपाठ होते. दोघांनी शाळेपासून फोनवर सगळ्या ट्रॅकच्या फिल्मा बघितल्या होत्या. पहिल्यांदा कुठे जायचं यावरून त्यांची भांडणं झाली होती. शेवटी डोंगरातला ट्रॅक नक्की केला होता, दोघांनी, एकाच दिवशी, पाठोपाठ.

"तिथे नका नेऊ त्याला," तो म्हणाला. "तिसरं वळण उतारावर आहे आणि ते आधी दिसतच नाही. न दिसणारं वळण आलं की भिंगरी पाय अजून दाबतो. मला माहीत आहे ना तो."

"शहराजवळचा नवा?"

"सिमेंटचे कठडे. नको."

"मग?"

"जुना विमानतळ आहे बघा, त्याच्या धावपट्टीचा केलेला. सपाट आहे. अगदी कंटाळवाणा, तो तोंड वाकडं करणार. पण काकू, तिथे आपटायला काही नाही. आधी गवत, मग गवत आणि मग अजून गवत."

तिने त्याचा दुसरा पाय हातात घेतला. न विचारता राहवेना म्हणून तिने विचारलं, "तू कुठला घेतला असतास?"

"मी होय? डोंगरातलाच," लंब्या म्हणाला. मग म्हणाला, "पण हा मी माझ्यासाठी कुठे निवडतोय. आणि मी सांगितलं म्हणू नका हं. नाहीतर जाणार नाही तो."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचा गुडघा वाकवत होती, सरळ करत होती. तिला त्या पोराला पोटाशी धरायचं होतं. पण विभागात अजून चार पेशंट होते आणि तिने एकाला धरलं असतं तर सगळ्यांनाच धरावं लागलं असतं.

विमानतळाच्या ट्रॅकवरचा माणूस भला निघाला. त्याने तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. अँब्युलन्स कुठे उभी असते, झेंडेवाले किती अंतरावर असतात, हॉस्पिटल किती लांब. "ताई, इथे नांगरायला जमीन आहे, आपटायला नाही," तो म्हणाला, तेव्हा तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. बुकिंग करणाऱ्याचं नावही चालकांत घालावं लागतं, आमचा नियम आहे, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, घाला. वाटेल ते घाला. शेवटी तो म्हणाला की शेजारी वस्ती आहे, त्यामुळे गाडीच्या आवाजाला मर्यादा आहे, फाटकावर मोजतात. ती बरं बरं म्हणाली आणि विसरून गेली. आवाजाने कुणाचा मणका मोडल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

भिंगरीने लंब्या म्हणाला होता तसंच तोंड वाकडं केलं. "विमानतळ? तिथे रिटायर झालेले लोक जातात."

"बाकीचे सगळे भरलेत," ती धडधडीत खोटं बोलली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "शनिवारी ना? जाऊ."

शनिवारी ना, हे तिने ऐकलं. रविवार त्याने मोकळा ठेवला होता.

त्याच्या गाडीत दुसरं सीटच नव्हतं, तेव्हा ती आपल्या छोट्या गाडीतून त्याच्या मागून निघाली. गाडीत पाण्याच्या बाटल्या, डबे, आणि कामाचा नेहमीचा पसारा: व्यायामाचे मोठे चेंडू, रबरी पट्टे, उश्या. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत तो नीट चालवत होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती त्याच्या मागे आली आणि त्याने एकदम गाडी अशी काही दामटली की दोन ट्रकांच्या मधून तो दिसेनासा झाला. आईबरोबर चाललोय हेसुद्धा याला सोसत नाही, असं तिच्या मनात आलं. पुढचा सगळा रस्ता ती प्रत्येक वळणावर काहीतरी उलटलेलं दिसेल म्हणून बघत गेली.

फाटकावर तो उभा होता. त्याच्या गाडीच्या मागे एक माणूस हातात यंत्र घेऊन उकिडवा बसला होता. "द्या अजून जरा," तो म्हणाला, आणि भिंगरीने पाय दाबला. गवतावरचे पक्षी उडाले. त्या माणसाने यंत्राकडे बघितलं, उठला, गुडघे झटकले.

"नाही चालणार."

"पुन्हा मोजा."

त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तो काही वाईट माणूस नव्हता. दुसरा सायलेन्सर असेल तर लावा, दुपारपर्यंत थांबतो, असं म्हणाला. पण दुसरा सायलेन्सर भिंगरीने कधीच भंगारात दिला होता. मागे रांगेत उभे असलेले लोक कौतुकाने बघत होते, आणि त्यातले दोघे खरोखरच रिटायर झालेले होते.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. किती म्हणून विचारलं होतं तिने! कठडे विचारले, वळणाबाहेरची खडी विचारली, डॉक्टर विचारला. आणि माणूस स्वतःहून जे सांगत होता तेवढंच तिने ऐकलं नाही.

"झालं समाधान?" भिंगरी म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज अगदी शांत होता, आणि तोच तिला नको होता. "उद्या सकाळी मी जातोय. मला आता काही बोलू नकोस."

उद्या तर लांब राहिलं. तो आत्ता, असा अपमान गिळून, या रस्त्याने परत जाणार होता. तिला ते दोन ट्रक आठवले. त्याने किल्ली फिरवली तर संपलं, एवढंच तिला दिसत होतं. विनवणी करून झाली होती, रागावून झालं होतं, आणि आता तिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. काहीच नसलं की माणूस काय करेल ते सांगता येत नाही.

ती वळली, आपल्या गाडीपाशी गेली आणि सगळी दारं उघडून सामान गवतावर टाकायला लागली. चेंडू, पट्टे, उश्या, बाटल्या, सगळं. निळा चेंडू घरंगळत रांगेतल्या लोकांकडे गेला, तो एका आजोबांनी अदबीने अडवला. मग तिने आपली गाडी त्या यंत्रवाल्यापुढे नेऊन उभी केली.

"माझीही मोजा. चालकांत माझं नाव आहे."

तिच्या गाडीचा आवाज मोजायला त्याला यंत्र जवळ न्यावं लागलं.

भिंगरी धावत आला. "आई, काय चाललंय तुझं?"

"ही घे. ही चालते इथे. तू चालव."

"ही? लोक हसतील."

"मग मी चालवते."

"तुला ट्रॅकवर चालवता येतं का?"

"नाही," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. ही थट्टा नाही, हे त्याला कळलं असावं. ती ऑफिसातून दोन हेल्मेट घेऊन आली, एक उलटं घालू लागली, तेव्हा त्याने तिच्या हातातून घेऊन सरळ केलं आणि हनुवटीखाली पट्टा आवळला. मग दुसरं हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घातलं आणि शिव्या देत शेजारी बसला.

पहिल्या फेऱ्या सोप्या होत्या. पुढे ट्रॅकची गाडी, मागे सगळी वरात. वळण कुठे घ्यायचं, कुठे पाय काढायचा, हे दाखवत तो पुढचा माणूस निवांत चालला होता. नेहमी हॉस्पिटलात जाते तेवढाच तिचा वेग. भिंगरी हाताची घडी घालून बाहेर बघत होता. मग पुढची गाडी बाजूला झाली, हिरवा झेंडा हलला, आणि आजोबांची गाडी सुसाट तिच्या बाजूने गेली.

"झालं ना?" भिंगरी म्हणाला. "चल आता घरी."

तिने पाय दाबला.

सुरुवातीला ती नुसती घाबरलेली होती. कुठलं वळण कुठे येतं त्याचा पत्ता नव्हता. मग भीतीच्या खालून राग वर आला. सगळ्या रविवारांचा राग, बश्यांचा, तांदळाच्या डब्याचा, त्या बारीक होत चाललेल्या पायांचा. आणि मग गाडी धावपट्टीच्या लांबच लांब सरळ रस्त्याला लागली आणि तिला काहीच वाटेनासं झालं. एवढं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"आई, पुरे. पाय काढ."

तिने काढला नाही.

"आई, वळण आहे. ब्रेक. आई, ब्रेक मार!" त्याचा उजवा पाय पुढे ताठ होऊन गाडीच्या तळाला दाबत होता. तिथे ब्रेक नव्हता. ती ते बघत होती, रस्त्याकडे बघायचं सोडून, आणि मनात म्हणत होती, दाब, अजून दाब, बघ लागतो का.

मग तिने ब्रेक मारला, पण उशिरा. गाडीचं ढुंगण पुढे आलं, समोरचं आकाश आडवं फिरलं, मग गवत, मग पुन्हा आकाश. तिचा हात आपोआप शेजारी त्याच्या छातीवर गेला, तो लहान असताना जायचा तसा. गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. लंब्या खोटं बोलला नव्हता. चारी बाजूंना नुसतं गवत होतं.

आणि तेव्हा तिला कळलं. ज्याला वाचवायला आली, त्यालाच शेजारी बसवून तिने हे केलं होतं. पट्टा सुटला असता, चाक रुतून गाडी उलटली असती, तर? रोज त्या गादीवर बसून हे सगळं बघणारी बाई, आणि एका दमात तिने सगळं विसरून दाखवलं. त्याला शिकवायला गेली आणि स्वतःच त्याच्यासारखी झाली.

"लागलं का?" ती म्हणाली. "मान हलव. बोटं हलव. पायाची हलव."

"हलतायत," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक होता.

झेंडेवाल्याने पिवळा झेंडा हलवून त्यांना बाहेर काढलं. तो भला माणूस ऑफिसातून चालत आला, तिच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, आज एवढंच पुरे करू या का?" तिने मान हलवली. पहिल्याच दिवशी ट्रॅकवरून हाकललेली ती एकटीच असावी.

आजोबांनी सगळे चेंडू कुंपणापाशी नीट रचून ठेवले होते. ती ते एकेक करून गाडीत भरायला लागली. भिंगरी आपल्या गाडीला टेकून उभा होता, हातात किल्ली. जे करायचं ते करून झालं होतं आणि त्यातून काही निष्पन्न झालं नव्हतं. उद्या पहाटे बश्या वाजणार होत्या.

"चल, नीघ," ती म्हणाली. "मी येते मागून."

"मागून नको येऊस."

"ठीक आहे. मला टाकून जायचं असेल तर जा. सकाळी गेलासच की."

"तुला टाकून नव्हतो गेलो," भिंगरी म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "आरशात तुझे दिवे दिसायला लागले. मला ते बघवेना."

तिने हातातला चेंडू खाली ठेवला.

"लंब्या माझ्या मागे होता," तो म्हणाला. "मी आरशात बघितलं, तेव्हा होता. परत बघितलं, तर नाही. मला वाटलं मागे पडला. मी हसलो, आई. पुलापर्यंत हसत गेलो. तिथे गाडी लावून त्याची वाट बघत बसलो, आला की काय काय बोलायचं ते ठरवत." त्याने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "खूप जोरात असलं ना, की मागे बघायला लागत नाही. पुढचंच बघावं लागतं. तेवढा वेळ बरं वाटतं. बाकी दिवसभर तो मागेच असतो."

ती जिथे होती तिथेच गवतावर बसली. दगड म्हणत होती ती त्याला. इतके दिवस एका घरात, एका टेबलावर जेवत, आणि तिला हे दिसलं नव्हतं. लोकांच्या पाठीवर नुसता हात ठेवला तरी कुठे दुखतं ते कळतं म्हणून तिची ख्याती होती.

आता खोटं बोलायचं तिच्यात त्राण नव्हतं.

"हा ट्रॅक मी नाही निवडला," ती म्हणाली. "लंब्याने निवडला. भिंगरीला डोंगरात नेऊ नका म्हणाला. सांगू नका म्हणाला होता."

भिंगरी ट्रॅककडे वळून बघायला लागला.

"रोज विचारतो मला. मी पलंगापाशी गेले की पहिलं तेच. काकू, भिंगरी माझ्यावर रागावलाय का?"

"माझ्यावर? म्हणजे, मी त्याच्यावर?"

"हो."

तो गाडीला टेकला होता तो हळूहळू खाली सरकत चाकापाशी बसला. रडताना तो लहानपणीही आवाज करत नसे. ती उठून त्याच्याजवळ गेली नाही. आज तिने त्याच्यासाठी पुष्कळ काही करून पाहिलं होतं आणि त्यातलं काहीच धड झालं नव्हतं. ट्रॅकवर गाड्या फिरत होत्या. आजोबा अजून सुसाट होते.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. "बसतो का तो आता?"

"बसतो. जरा वेळ. मग कलंडतो. अजून तोल नाही सांभाळता येत. मागे कोणीतरी बसावं लागतं."

"मागे कसं?"

"पलंगावर त्याच्या पाठीमागे. त्याच्या पाठीला आपली छाती लावून. हात धरायचे नाहीत, नुसतं बसायचं. तो कलंडायला लागला की आपल्याला आधीच कळतं. बघायला लागत नाही."

"कोण बसतं?"

"मी," ती म्हणाली. "आज रजा घेतली ना. आज त्याला कोणी बसवलं नसेल."

भिंगरी उठला. फाटकापाशी गेला, त्या यंत्रवाल्या माणसाशी काहीतरी बोलला आणि आपल्या गाडीची किल्ली त्याच्या हातात देऊन आला. मग तिच्या गाडीतल्या पुढच्या सीटवरचा निळा चेंडू उचलून मागे टाकला, आत बसला, पट्टा लावला आणि तिची वाट बघत राहिला.